खरे बोलणारा स्पीकर

फेब्रुवारी लागला की आमच्याकडे येणाऱ्या निरोपांचा सूर बदलतो. चौदा एप्रिलला दोन महिने उरलेले असतात. गावोगावच्या गायनपार्ट्या नवी गाणी बसवू लागतात, पेटीचे भाते दुरुस्तीला जातात, ढोलकीला नवी पुडी चढते. पूर्वी या दिवसांत विचारणा असायची ती तारखांची आणि बिदागीची. आता तरुण मुले वेगळेच विचारतात. "घरीच रेकॉर्डिंग करतोय. स्पीकर कोणता घेऊ?"

प्रश्न नवा आहे, पण त्यामागची गरज जुनी आहे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी गायकांच्या वह्यांतून आणि कंठांतून गावोगाव गेली. पुढे कॅसेट आली. फिलिप्स कंपनीने ती १९६३ मध्ये काढली आणि ऐंशीच्या दशकात ती आपल्या घरात परवडू लागली. मग प्रल्हाद शिंदे यांचा आवाज चाळीत, झोपडीत, ट्रकमध्ये, उसाच्या फडात सगळीकडे घुमला. सहा डिसेंबरला दादरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग लागत. पण कॅसेटवर यायचे म्हणजे पुणे-मुंबईचा स्टुडिओ, शिफ्टचे भाडे, वादकांचे मानधन आणि कंपनीच्या दारात ताटकळणे. इंदापूरच्या किंवा बारामतीच्या किती गायकांचा आवाज कधी फितीवर उमटलाच नाही, याची मोजदाद कोण करणार!

आता एक संगणक, एक माइक आणि आवाज संगणकात घालणारी छोटी पेटी, जिला ही मुले इंटरफेस म्हणतात, एवढ्यावर काम होते. राहतो तो स्पीकर. आणि नेमका तिथेच घरचा पैसा चुकीच्या जागी जातो, हे आम्ही दोन घरांत डोळ्यांनी पाहिले. ती दोन्ही घरे वाचकांपुढे ठेवतो. नावे मुद्दाम देत नाही.

पहिले घर इंदापूर तालुक्यातले. बारामतीहून इंदापूरकडे जाणारी एस.टी. भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे अशी उसातून वाट काढत जाते. त्याच रस्त्याला आत वळून एक वस्ती आहे. घर रमाई आवास योजनेतले, २६९ चौरस फुटांचे. वडील साखर कारखान्यात मिल हाउसला. आई बचत गटाची सचिव. मुलगा पंचवीस वर्षांचा, पेटी वाजवतो, चाली लावतो. आणि आबा, म्हणजे मुलाचे आजोबा, यांनी तीस-पस्तीस वर्षे गायनपार्टी चालवली. त्यांची गाण्याची वही पाहिली. कोपरे झिजलेले, पानांना हळदीचे डाग, कारण ती स्वयंपाकघराच्या फळीवरच असते.

मुलाने गेल्या वर्षी आबांच्या आवाजात चार गाणी रेकॉर्ड केली. आबांचे वय झालेले, दम पुरत नाही, म्हणून दोन-दोन ओळी करून घेतली. पुढच्या खोलीत टीव्हीला जोडलेला होम थिएटर होता, दोन छोटे डबे आणि एक मोठा घुमणारा. त्याच्यावर ऐकून ऐकून त्याने गाणे जुळवले, म्हणजे पेटी किती, ढोलकी किती, आवाज किती, हे ठरवले. घरात ते ऐकणारा प्रत्येक जण म्हणाला, लई भारी झालंय. जयंतीच्या दिवशी मंडपातल्या मोठ्या साउंडवर ते लावले, तेव्हा भलतेच झाले. ढोलकीचा धूम नाहीसा होऊन नुसती टकटक उरली. पेटी नाकात बोलू लागली. आणि आबांचे शब्द गोधडीखालून यावेत तसे आले. आबा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. ते शेजारच्याला म्हणाले, "आवाज माझाच हाय, पर शब्द कुटं गेलं?"

मुलाने ठरवले की चूक साउंडवाल्याची आहे. मग ठरवले की संगणकाची आहे. शेवटी दुकानदाराने त्याला पटवले की घरचे स्पीकर कमी ताकदीचे आहेत. आठ इंची दोन मोठे स्पीकर घे, सोबत एक सबवूफर घे, मग बघ. आईने गटातून चाळीस हजार उचलले. आम्ही गेलो त्या दिवशी ते पैसे पत्र्याच्या पेटीत होते आणि दुसऱ्या दिवशी मुलगा पुण्याला जाणार होता.

आमच्याबरोबर बारामतीचे एक साउंडवाले होते. वीस-बावीस वर्षे मंडपाचे आणि जलशांचे काम केलेला माणूस. त्यांनी होम थिएटरवर ते गाणे ऐकले आणि हसून म्हणाले, "पोरा, हा डबा तुझं कौतुक करतोय. कौतुक करणाऱ्याला विचारून घर बांधतात का?"

त्यांचे म्हणणे असे. टीव्हीचा, मोबाईलचा, लग्नाचा, कोणताही ऐकण्याचा स्पीकर गिऱ्हाइकाला गोड लागावा म्हणून बनवलेला असतो. त्यात खालचा घुमारा फुगवलेला असतो आणि वरची चकाकीही वाढवलेली असते. ऐकायला उत्तम. पण त्याच्यावर गाणे जुळवणारा फसतो. स्पीकर स्वतःच घुमतोय, तेव्हा ढोलकी जास्त झाली असे त्याला वाटते, म्हणून तो ढोलकीचा धूम कमी करतो. स्पीकर स्वतःच चकाकतोय, तेव्हा स, श, च टोचतात, म्हणून तो वरचे सूरही उतरवतो. मग ते गाणे दुसऱ्या, न फुगवणाऱ्या साउंडवर गेले की ढोलकी पोकळ आणि शब्द बोथट. मंडपात झाले ते हेच. साउंडवाल्याची चूक नव्हती आणि संगणकाचीही नव्हती.

स्टुडिओत लागतो तो मॉनिटर स्पीकर. शाळेतला वर्गाचा मॉनिटर आठवा. गुरुजी बाहेर गेले की दंगा करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा. या स्पीकरचे काम तेच. गाण्यात जे आहे तेवढेच दाखवायचे, कुणाचे नाव झाकायचे नाही. म्हणून तो पहिल्यांदा ऐकला की रुक्ष वाटतो. पुष्कळ जण दुकानात इथेच नाक मुरडतात.

यावरून एक जुनी हकिकत सांगण्यासारखी आहे. जपानच्या यामाहा कंपनीने १९७८ मध्ये एनएस-१० नावाचा स्पीकर काढला, तो घरी गाणी ऐकण्यासाठी. घरगुती गिऱ्हाइकाला तो रुचला नाही, कानाला कोरडा लागला. पण स्टुडिओवाल्यांनी तोच उचलला. त्यांनी पाहिले की याच्यावर गाणे बरे वाजवून घेतले तर ते जगात कुठेही बरे वाजते. त्याचा वरचा सूर टोचे म्हणून काही जण पुढच्या छोट्या स्पीकरवर साधा पातळ टिश्यू कागद चिकटवत. पांढऱ्या पडद्याचा तो काळा डबा अमेरिका-युरोपातल्या बड्या स्टुडिओंत ठाण मांडून बसला. २००१ मध्ये कंपनीने तो बंद केला, कारण त्याच्या पडद्याला लागणारा लाकडाचा लगदा मिळेनासा झाला. आजही नव्या मॉनिटरांचे पडदे पांढरे दिसतात, त्यात त्या जुन्या डब्याची आठवण आहे. दुसरा त्याहून गरीब डबा ऑराटोनचा, पाच इंची एकच पडदा, घुमारा जवळजवळ नाही. मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' १९८२ मध्ये आला, तेव्हा त्याचे ध्वनिमिश्रण करणाऱ्या ब्रूस स्वीडन यांनी अशा चिमुकल्या ऑराटोनवरही काम केले होते. जगभर विकली गेलेली तबकडी, आणि पारखायला एवढासा डबा!

तेव्हा मोठा म्हणजे चांगला, हा हिशेब सोडा. डब्यावर लिहिलेल्या वॅटचाही सोडा. जुन्या टू-इन-वनवर 'पीएमपीओ' म्हणून हजार-दोन हजारांचे आकडे छापलेले असत, ते आमच्या वयाच्या वाचकांना आठवतील. तो आकडा क्षणभराच्या भडक्याचा होता, त्याला अर्थ नव्हता. पाहायचाच तर आरएमएस वॅट पाहावा. आणि चार फुटांवर बसून ऐकणाऱ्याला तोही फार लागत नाही.

आता खोलीकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. साउंडवाल्यांनी टेप काढून पुढची खोली मोजली. लांबी दहा फूट, रुंदी दहा फूट, उंचीही दहाला दोन बोटे कमी. "ही सगळ्यात वाईट खोली," ते म्हणाले. मुलगा खट्टू झाला. आई म्हणाली, "साहेबांनी मंजूर केली तशी बांधली, आमी काय करणार?"

हिशेब सोपा आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. या आकड्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागायचे. ११३० भागिले २०, म्हणजे साडेछप्पन. सेकंदाला साडेछप्पन कंपनांचा, म्हणजे साडेछप्पन हर्ट्झचा खोल सूर या खोलीत दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो. त्याची दुप्पट ११३, तोही घुमतो. खोली लांब-रुंद-उंच वेगवेगळी असेल तर घुमणारे सूर विखुरतात. बारा बाय दहा आणि उंची नऊ असेल तर ४७, साडेछप्पन आणि ६३ असे तीन ठिकाणी होतात. पण तिन्ही मापे सारखी असली की तिन्हींचा घुमारा एकाच सुरावर साचतो. ढोलकीच्या धुमाचा आणि डग्ग्याचा जोर याच पट्ट्याच्या आसपास. माणसाच्या खर्जाच्या आवाजाची सुरुवातही तिथून फार लांब नाही.

हे नुसते सांगून पटत नाही. त्यांनी मोबाईलवरून एकसारखा खोल सूर होम थिएटरच्या मोठ्या डब्यात लावला आणि मुलाला खोलीभर फिरायला सांगितले. भिंतीला पाठ लावून कॉटवर बसला तर छातीत धडधड. खोलीच्या बरोबर मध्यभागी उभा राहिला तर सूर जवळजवळ गायब! आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, तिलाही बोलावून उभे केले. ती दोनदा मागे-पुढे झाली आणि म्हणाली, "अगं बया, वीज गेली का काय." मुलगा वर्षभर कॉटवर भिंतीला टेकून गाणी जुळवत होता. म्हणजे डबा फुगवतोय आणि वर भिंत फुगवतेय. ढोलकी बिचारी दोघांच्या पापाची धनी.

अशा खोलीत आठ इंची स्पीकर आणि सबवूफर आणला असता तर काय झाले असते? यामाहाच्याच एचएस मालिकेचे कागद पाहा. पाच इंची स्पीकर ५४ हर्ट्झपर्यंत खाली जातो, आठ इंची ३८ पर्यंत. मोठा डबा त्या खोलीच्या दुखऱ्या सुरावर आणखी लोणी ओतणार. दहा बाय दहाला पाच इंची पुष्कळ झाला. साडेतीन-चार इंचीही चालतो, मात्र त्यावर खालचा धूम नीट कळत नाही, तो हेडफोनवर तपासावा लागतो.

दुसरे घर बारामतीचे. एम.आय.डी.सी.जवळ भाड्याची खोली, नवरा-बायको दोघेही कामगार. नवरा शाहिरीची पदे रचतो, बायको कोरस म्हणते आणि, खरे सांगायचे तर, नवऱ्यापेक्षा सुरात म्हणते. यांनी आठ इंची जोडी हप्त्यांवर आधीच घेतली होती. खोलीत ती दोन कपाटे ठेवल्यासारखी दिसत होती. आवाज थोडा वाढवला की भिंतीवरचे भांड्यांचे फडताळ वाजे आणि शेजारचे दार ठोठावत. म्हणून ती कायम अगदी हळू लावायची. इतक्या हळू आवाजात मोठ्या स्पीकरचा काहीच फायदा नाही. शिवाय सारखी 'ऽऽम्' अशी गुणगुण. दुकानदार म्हणे, स्पीकर असेच वाजतात. नव्हे. ती आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण. खोलीला अर्थिंगच नव्हते, आणि जोडायला वापरलेली वायर साधी, मोबाईलच्या पिनेची. कुणीतरी सल्ला दिला होता की प्लगची तिसरी पिन तोडून टाक, गुणगुण जाईल. वाचकहो, हे कधीही करू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते. घरमालकाकडून अर्थिंग करून घ्यावे आणि इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड वायर घ्यावी, जिच्यात आवाजाच्या दोन तारा आणि वर जाळी असते. चारपाचशेचा फरक. त्यांनी वायर बदलली आणि निम्मी गुणगुण तिथेच गेली. अर्थिंगचे मालक अजून 'बघू' म्हणतो आहे.

त्या दोघांनी ती जोडी नुकसान सोसून विकली आणि हेडफोनवर काम चालवले. आमचे मत विचाराल तर ज्याच्याकडे पाच-सहा हजारच आहेत त्याने स्पीकरच्या नादी न लागता तेवढ्यात कान झाकणारा चांगला हेडफोन घ्यावा. खोलीचे दोष त्यात येत नाहीत, शेजारी उठत नाहीत. फक्त हेडफोनवर एक आवाज डाव्या कानात, एक उजव्या कानात असे फार सुटे वाटते, आणि गायकाचा आवाज आहे त्याहून जवळ भासतो. म्हणून शेवटचा कौल हेडफोनवर देऊ नये. मोबाईलच्या उघड्या स्पीकरवर लावून पाहावे, शेजारच्या टेम्पोत लावून पाहावे.

दुकानात जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. पेनड्राइव्हवर तीन-चार गाणी न्या, जी तुम्हाला मुखपाठ आहेत, जिच्यातला प्रत्येक ठेका माहीत आहे. प्रल्हाद शिंदे यांचे एखादे अवश्य न्या. त्यांचा आवाज उंच आणि शब्द खणखणीत. जो स्पीकर त्यांचा शब्द मऊ करून दाखवतो तो स्पीकर खोटे बोलतो. एखादे नुसत्या पेटीचे न्या. आणि आपले स्वतःचे, फसलेले गाणे न्या. चांगल्या मॉनिटरवर ते गाणे वाईट वाजले पाहिजे! दोन जोड्या पारखताना दोन्हींचा आवाज सारख्या उंचीवर ठेवायला सांगा. जो जरा मोठा वाजतो तो माणसाच्या कानाला चांगला वाटतोच. ही गोष्ट विकणाऱ्याला ठाऊक असते.

भावात एक खाच आहे. मॉनिटर पुष्कळदा एकेक विकतात. पाटीवरची किंमत एकाची असते आणि मुलगा ती जोडीची समजून निघतो. आधी विचारावे. नावाजलेल्या कंपनीची पाच इंची जोडी तीसेक हजारांच्या घरात जाते, साडेतीन इंची लहान जोडी दहा-बारा हजारांच्या आसपास मिळते. भाव वर-खाली होतात, पुण्यात तपकीर गल्लीत चार दुकाने फिरावीत. ज्याच्या पोटातच अँप्लिफायर आहे असा, म्हणजे ॲक्टिव्ह स्पीकर घ्यावा, वेगळे मशीन लागत नाही. डब्याला हवेसाठी भोक असते, ते पुढे आहे की मागे ते पाहावे. मागे असेल आणि भिंतीला चिकटवून ठेवला तर घुमारा वाढतो. काहींच्या पाठीवर 'रूम कंट्रोल' नावाची कळ असते, भिंतीजवळ ठेवावा लागला तर तिने खालचा आवाज उतरवता येतो. आपल्या घरांत ही कळ फार कामाची. जुने घ्यायचे तर पडदा बोटाने हलकेच दाबून खरखर येते का ते ऐकावे आणि विकणाऱ्याने लग्नात वाजवलेला तर नाही ना, ते विचारावे.

आता परत इंदापूर तालुक्यात. दुसऱ्या दिवशी मुलाबरोबर आईही पुण्याला गेली. पैसे तिच्याच पिशवीत होते. फसलेले गाणे तीन दुकानांत वाजवले. आई म्हणे, ज्या डब्यावर आमच्या आबांचे बोल सगळ्यात घाण येत होते, तोच घेतला. पाच इंची जोडी, वायरी, आणि उरलेल्या पैशांचे एक नवे पान गटाच्या वहीत परतफेडीला जमा.

खोलीला पैसे फारसे लागले नाहीत. मुलाने भिंतीवर अंड्यांचे पुठ्ठे लावायचे ठरवले होते, निम्मे जमवलेही होते. ते आम्ही थांबवले. पुठ्ठा फक्त वरच्या बारीक सुरांना थोडे अडवतो, घुमाऱ्याला काही करत नाही, आणि विस्तव लागला तर भडकतो. पातळ रंगीत फोमचेही तसेच. घुमारा अडवायला जाडी लागते. जुन्या कापसाच्या दोन गाद्या गुंडाळून समोरच्या दोन कोपऱ्यांत उभ्या केल्या. लाकडी पट्ट्यांच्या चौकटींत चार इंच जाडीचा रॉकवूल भरून वर सुती कापड ताणले आणि त्या चौकटी डावी-उजवीकडे व पाठीमागे टांगल्या. वडिलांनी सुट्टीच्या दिवशी त्या ठोकल्या. आईच्या एका साडीचे कापड गेले, तिने ते स्वतः निवडून दिले. टाळी वाजवून पाहिली तर आधी जी टण्कन परत यायची ती आता तिथेच विरते. घुमारा पूर्ण गेला असे नाही. दहा बाय दहा बाय दहाचा तो जाणार नाही. पण कुठला सूर खोलीचा आणि कुठला गाण्याचा, हे मुलाला आता कळते.

स्पीकर टेबलावर थेट ठेवले तर टेबल वाजतो. म्हणून खाली दोन-दोन विटा आणि विटांवर जाड रबर. छोटा वरचा स्पीकर बरोबर कानाच्या उंचीवर. दोन स्पीकरांत जितके अंतर तितकेच प्रत्येकापासून डोक्यापर्यंत, साडेतीन फूट, तिन्ही बाजू सारख्या. डाव्या-उजव्या भिंतीही सारख्या लांब. कॉट हलवली, खुर्ची मधल्या जागेपासून थोडी पुढे आली. यावरून घरात दोन दिवस वाद झाला, कारण कॉट जिथे होती तिथून टीव्ही दिसायचा. आणि एक सवय. चालू करताना स्पीकर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. नाहीतर जो 'ठप्' आवाज येतो तो पडद्याला मारतो. आपल्याकडे वीज न सांगता जाते, तेव्हा गेल्या गेल्या स्पीकरची कळ बंद करावी.

आवाज किती ठेवायचा? शेजारी बसलेल्याशी न ओरडता बोलता येईल इतकाच. मोठ्या आवाजात कान थकतात आणि थकलेला कान सगळ्याला होकार देतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठरवली आहे. रात्री दहानंतर हेडफोन.

कानांवरून या घरातली एक गोष्ट सांगायची राहिली. ती मुलाने आम्हाला जरा खाली मान घालून सांगितली. जयंतीच्या आधी, गाणे तयार झाले तेव्हा वडिलांनी ते ऐकून म्हटले होते, "शब्द उमगंना." मुलगा म्हणाला होता, दादा, तुमचे कान कारखान्यात गेले. आणि ते खरेही होते. वर्षानुवर्षे यंत्राच्या गोंगाटात राहिलेल्या माणसाची ऐकण्याची ताकद आधी ४००० हर्ट्झच्या आसपास कमी होते. स, श, च, फ ही व्यंजने जिथे राहतात तो भाग तोच. म्हणून वडिलांना "सभा" आणि "भाभा" सारखेच ऐकू येते. पण वाचकहो, जयंतीच्या मंडपात बसतात ते कोण? कारखान्यातले, यंत्रमागावरचे, ट्रकवरचे, वय झालेले. आपल्या गाण्याचा श्रोता तोच आहे. भीमगीत म्हणजे आधी शब्द, मग ठेका. ज्याचे कान अधू आहेत त्याला शब्द पोहोचला तर इतरांना पोहोचलाच. आता मुलगा गाणे जुळवले की प्रथम वडिलांना बसवतो.

सुदैवाने त्याने मूळ रेकॉर्डिंग, म्हणजे आबांचा आवाज, पेटी, ढोलकी, सगळे सुटे सुटे जपून ठेवले होते. हे प्रत्येकाने करावे. एकत्र केलेले गाणे परत मुळासारखे स्वच्छ उकलता येत नाही. गायक पुन्हा म्हणेलच याचीही खात्री नसते. त्याने चारही गाणी नव्या स्पीकरवर परत जुळवली. ढोलकीचा धूम परत आला. आबांच्या आवाजावर त्याने पूर्वी पसरट गुंज घातली होती, ती मोबाईलच्या एकाच स्पीकरवर लावली की आवाजालाच खाऊन टाकत होती. डावे-उजवे एकत्र झाले की असे होते. म्हणून ती काढली. मग तेच गाणे मोबाईलवर, वडिलांच्या मोटारसायकलवरच्या छोट्या डब्यावर, शेजारच्या ट्रॅक्टरवर लावून पाहिले. ट्रॅक्टरवर पेटी अजून जरा नाकात येते. ते काम चालू आहे.

आम्ही दुसऱ्यांदा गेलो त्या संध्याकाळी त्याने आबांना खुर्चीत बसवले. साडेतीन फुटांवर, बरोबर मधोमध. गाणे लावले. आबा डोळे मिटून ऐकत होते. पहिले कडवे संपले तसा त्यांनी हात वर केला आणि गाणे थांबवायला लावले.

"वही आण," ते सुनेला म्हणाले.

वही आली. चष्मा आला. त्यांनी पान काढले, ओळीवर बोट ठेवले आणि नातवाकडे पाहिले.

"दुसऱ्या वळीत मी शब्द चुकलोय. वर्सभर कुणाला ऐकूच आला न्हाई."

रविवारी पुन्हा रेकॉर्डिंग ठरले. कारखान्याला सुट्टी होती. आईने मिक्सर लावायचा नाही असे कबूल केले.